हलका चोक, जड चोक

पलूसजवळच्या त्या गावात कृष्णात आण्णांची इलेक्ट्रिकची टपरी. मालाची पारख एकच: हातावर घ्यायचा, दोनदा झेलायचा. जड तो खरा. पलटणीत वायरमनकी शिकून आलेला माणूस. त्यांच्या लेखी ट्यूबलाइटचा चोक म्हणजे तांब्याचा, पायावर पडला तर आई आठवावी असा! म्हणून नात राजेश्वरीनं सांगलीहून इलेक्ट्रॉनिक चोक आणले, तेव्हा आण्णांनी एक तळहातावर ठेवून फुंकर मारली.

"ह्यो चोक हाय का रिकामी काड्यापेटी गं?"

"आवं आण्णा, तुमचा तांब्याचा किती तापतोय! ती गरमी कुठनं येती? बॅटरीतनंच की. उजेड काडीचा न्हाई, नि खातोय बकासुरागत."

सगळं घोडं बॅटरीपाशीच अडलं होतं. समाजमंदिरातली अभ्यासिका आण्णाच सांभाळत. संध्याकाळच्या भारनियमनात सहा ट्यूबा इन्व्हर्टरवर चालायच्या, पण अभ्यास सुटायच्या आधीच बॅटरी मान टाकायची. अंधारात पोरं-पोरी एका खोलीत, म्हणून गावात कुजबुज. कालच सृष्टीचा बाप नानासो दारात गाडी लावून म्हणाला होता, "तुमच्या तोंडाकडं बघून पोरगी धाडतोय आण्णा. आणि एकदा अंधार झाला, की समद्यांच्या पोरी घरात." आणि सृष्टी-राजेश्वरीची पोलीस भरती तर तोंडावर आलेली.

आण्णांनी नाइलाजानं चोक बदलले. पण पाचच. मधल्या टेबलावरचा तांब्याचाच ठेवला. नवी भरती फितूर झाली तर एक जुना जवान नको का?

संध्याकाळी दिवे गेले. पाच ट्यूबा झटक्यात लागल्या. मधली दोनदा डोळे मिचकावून गुणगुणत लागली. रोज बॅटरी बसायची ती वेळ आली, गेलीही. आण्णांच्या जिवात जरा जीव आला. तेवढ्यात नानासो दारात येऊन उभा राहिला, आणि बॅटरी संपत आली म्हणून इन्व्हर्टर ओरडला. टीं. टीं.

सगळ्या माना वर झाल्या.

"चल गं सृष्टी, दप्तर भर."

"पप्पा, एवढी दोन गणितं."

"गणितं घरात कर!"

आण्णा स्टुलावर चढले. नव्या चोकाच्या पट्टीला हात लावला: कोमट. मधलीला लावला आणि चटका बसून हात मागं आला. राजेश्वरी खालून बघत होती.

"ह्योच घरभेदी!" आण्णा पुटपुटले आणि मधली ट्यूब फिरवून काढली.

टेबलावर सावली पडली. टीं. पुन्हा टीं. मग... मग काहीच नाही. पाच ट्यूबा शांत जळत होत्या. सृष्टीनं वही उचलली आणि शेजारच्या उजेडात सरकली. नानासो गाडीची किल्ली बोटात फिरवत उभाच राहिला. आण्णा तर काढलेली ट्यूब छातीशी धरून स्टुलावर तसेच.

अभ्यास सुटला तेव्हा पोरी उजेडातच चपला शोधत होत्या.

नानासोनं गाडीला किक मारली. लेक मागं बसली तसा आण्णांना म्हणाला, "उद्या आलो न्हाई, तर सोडा हिला बाकीच्या पोरींसंगं."

हल्ली आण्णा चोक हातावर झेलत नाहीत. गिऱ्हाईक आलं की ट्यूब लावून ठेवतात, चहा मागवतात, आणि चहा संपला की पट्टीला हात लावून सांगतात, "गार हाय. घेऊन जा गड्या."

तांब्याचा चोक टपरीच्या ताडपत्रीवर आहे. वाऱ्यात ती उडू नये, एवढं वजन त्यात अजून आहे.