पोस्टमन समुद्रावर गेला त्याची गोष्ट

परदेशी स्वयंसेवक आणणाऱ्या आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकात उत्तनचं वर्णन 'दुर्गम, निसर्गरम्य मच्छीमार गाव' असं होतं. मी राहतो मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात. तिथून या दुर्गम गावाला बस जाते आणि भाईंदर स्टेशनवर रिक्षावाले ओरडून बोलावतात. पण फिनलंड, स्पेन, कोरियाहून आलेल्या स्वयंसेवकांना हे कोणत्या तोंडानं सांगणार? विमानतळावरून आणताना मॉल दिसला की मी त्यांना दुसऱ्या बाजूचं झाड दाखवायचो.

मला गटप्रमुख केलं, कारण 'समुद्राची माहिती आहे ना?' या प्रश्नाला मी बेधडक 'हो' म्हणालो होतो. माहिती म्हणजे काय, तर चौपाटीवरची भेळ.

किनाऱ्यावरचा कचरा उचलायचा, शाळेच्या भिंती रंगवायच्या, एवढंच काम. राहायला एका ख्रिस्ती कोळी कुटुंबाचं घर. घरच्या बाईंना सगळे आंटी म्हणायचे. त्यांचे यजमान तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. फिनलंडचा माणूस तिकडे पोस्टमन होता. उंच, चाळिशीचा, दिवसाला चार शब्द बोलणारा. त्यानं एकदाच काही मागितलं : बोटीवर जायचंय.

तांडेलनं मला विचारलं, "नेऊ काय ह्याला?"

"न्या की. त्यात काय विचारायचं."

आणि पोस्टमनला मी सांगितलं, संध्याकाळी जेवायला परत. कॅलेंडरवरच्या चित्रात असतं ना, सकाळी होड्या जातात, सूर्य मावळताना येतात. माझा अभ्यास तेवढाच.

बोट गेली त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर उभा. आंटी वाळत घातलेले बोंबील काढत होत्या.

"सर, कोनाची वाट बघताय?"

"बोटीची."

त्यांनी हातातले बोंबील खाली ठेवले. "बोट? ती आता पाच-सहा दिसांनी येल. बर्फ भरून गेलीय ती. तुमाला ठाव न्हाय?"

पोस्टमनचं विमान परवा पहाटेचं होतं. त्याचा पासपोर्ट वरच्या खोलीत, त्याच्या बॅगेत. म्हणजे माझा एक परदेशी माणूस बिनकागदाचा भर समुद्रात होता आणि त्याला तिथे पाठवणारा मी.

"परवानगी घेतली आसंल ना तुमी त्याची?" आंटींनी विचारलं. "आमच्या मान्साला वाटलं, सर हायत, सगला केला आसंल. पोलिसांनी धरलं तर बोटीचा लायसन जाईल आमचा."

परवानगी कुणाची घ्यायची असते हेच मला ठाऊक नव्हतं; मी घराकडे वळलो.

घरी स्पेनच्या मुलीनं विचारलं, तो कुठाय? मी म्हणालो, खास प्रशिक्षणाला गेलाय. कसलं प्रशिक्षण? म्हटलं, पारंपरिक. मग मला जेवण जाईना. वारा सुटला की मी उठून खिडकीशी जायचो, जणू मी खिडकीत उभा राहिलो की समुद्र शांत होणार होता. संस्थेला फोन करायला तीनदा मोबाईल उचलला आणि तीनदा त्यावर हवामान बघून ठेवून दिला.

आंटींनी मात्र मला न विचारता मच्छीमार सोसायटीत जाऊन वायरलेसवर निरोप सोडला होता. आमची बोट लांब, थेट बोलणं होईना. मधल्या एका बोटीनं तो पुढे दिला. सकाळी उत्तर आलं : मानूस बरा हाय, उलट्या थांबल्या.

"उलट्या?" मी म्हणालो.

"मग काय, तिकडं लाडू खायला गेलाय?"

त्यांची रीत अशी की एखादी बोट माल भरून परत निघाली, की दुसऱ्या बोटीचा आजारी माणूस किंवा निरोप ती घेऊन येते. कुणी उपकार मानत नाही, कुणी मोजत नाही. आंटींच्या दिराची बोट त्या दिवशी परतत होती; आंटींनी वायरलेसवरून तिला पोस्टमनला आणायला सांगितलं. पण भर लाटांत दोन बोटी शेजारी आणून माणूस या बोटीवरून त्या बोटीवर घ्यायचा, हे ऐकल्यावर मी दुपारभर शाळेची एकच भिंत रंगवत राहिलो. कोरियाच्या मुलानं अखेर माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

दिवस कलताना दिराची बोट लांब नांगरली. छोटी होडी किनाऱ्याला लागली. त्यातून पोस्टमन उतरला : नाक सोललेलं, अंगाला मासळीचा वास, हातात पिशवी. जाळं ओढायला हात लावला म्हणून तांडेलनं त्याला वाटा दिला होता. पापलेटं आणि घोळ नावाची एक मोठी मासळी.

मी धावत जाऊन त्याचे दंड चाचपले. दोन्ही होते.

रात्रीच्या जेवणाला तो प्रथमच भरभरून बोलला. "काल संध्याकाळी बोट वळेना, तेव्हा मी घाबरलो. मग विचार केला, गटप्रमुखानं दुसरी बोट ठरवली असेल. आणि खरंच ठरवली होतीस." त्यानं सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आंटींना इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं सगळं. भाकरी वाढताना त्या माझ्या कानाशी वाकल्या. "सांगू काय ह्याला, कोनी ठरवली ती?"

"आंटी, सांगा ना. फक्त विमान सुटू दे."

"बरा," त्या म्हणाल्या, आणि घोळीचा तुकडा मला ओलांडून पोस्टमनच्या ताटात गेला. "जालं ओढलं त्यानं. तुमी डाल घ्या."