बांधावरचं शिसव

हवालदार गंगाराममामा गेल्या माघात वारले. घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावात, शेतातून परत येताना, दुपारी. मेंढपाळाच्या घरातला हा माणूस सैन्यात सुरुंग पेरणाऱ्या आणि काढणाऱ्या तुकडीत होता. चहाची बशी जमिनीवर ठेवण्याआधी ते हातानं जागा चाचपत. आम्ही कॉलेजातली पोरं त्यांची नक्कल करायचो. ते बघायचे आणि हसायचे.

आमच्याकडं शेताची हद्द बांधावरच्या झाडानं सांगतात. मामांनी मात्र निवृत्त होऊन आल्यावर आपल्या शेताच्या चारही कोपऱ्यांत सिमेंट ओतून लोखंडी गज बसवले. शेजारचे विठ्ठलअण्णा बघायला आले.

"मामा, एवढा लिंब हाय की खुणंला. तो काय चालत जाऊन राह्यला?"

"चालत न्हाई जात. तोडून नेत्यात."

"बांधावरच्या झाडाला कोण हात लावतंय?"

"मलाबी तसंच वाटल्तं," मामा म्हणाले.

वीसेक वर्षांपूर्वी सीमेवर सैन्य जमलं, तेव्हा मामांच्या तुकडीनं पंजाबातल्या एका शेतात सुरुंग पेरले होते. गहू वीतभर आला होता. शेताचा मालक बांधावर उभा होता. मामांनी त्याला सहा महिन्यांत रान मोकळं करून द्यायचा शब्द दिला. नकाशासाठी लोखंडी खुंटी ठोकायचा नियम होता. खुंट्या संपल्या होत्या, म्हणून शेवटच्या रांगेचं माप मामांनी बांधावरच्या शिसवापासून लिहून दिलं. पुढं दुसऱ्या तुकडीनं खंदकांवर टाकायला लाकूड हवं म्हणून बांधावरची सगळी झाडं तोडली आणि बांध सपाट केला. लढाई झालीच नाही. सुरुंग काढताना त्या रांगेतले चार सापडले नाहीत. तेवढ्या पट्ट्याला काटेरी तार घातली गेली.

"आपण रान पड ठेवतो, ते त्याला दम खाऊ द्यायला," मामा म्हणायचे. "ती पड निराळी. जिथं मेंढरू सोडता येईना, त्याला रान कसं म्हणावं?"

मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून त्यांनी मला एकच काम सांगितलं होतं : तो पट्टा उघडला का, याचा तपास. दोन वर्षांनी त्या शेतकऱ्याच्या मुलाचा नंबर मिळाला. मामांच्या ओसरीवरूनच फोन लावला.

"वो तो बंद ही है, अंकल. पिताजी भी नहीं रहे."

झाड नेमकं कुठं होतं, हे त्याला आठवत नव्हतं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

"तो मैं आता हूँ," मामा म्हणाले.

मामींनी आतून विचारलं, "कुठं निघाले?"

"शिसव दाखवून येतो."

"तोडलंय म्हणत होते की."

"मुळं असतील."

जालन्याहून अमृतसरची गाडी धरली. मी सोबत होतो. सैन्याच्या तुकडीला आधीच कळवलं होतं. मामांनी तारेच्या बाहेरून, जुन्या बांधाच्या अंदाजानं, सळईनं माती टोचायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सकाळी सळई लाकडाला लागली. खाली जाड, काळं पडलेलं मूळ होतं. तिथून त्यांनी दिशा आणि बावीस पावलं सांगितली. संध्याकाळपर्यंत तुकडीनं तीन सुरुंग काढून निकामी केले. चौथा सापडला नाही. मध्यंतरी कालवा फुटून शेतात पाणी भरलं होतं. पाण्याबरोबर सुरुंग सरकतात, असं अधिकाऱ्यानं सांगितलं.

परतीच्या गाडीत मामा एवढंच बोलले, "चुकलेलं मेंढरू वरडतं तरी. हे काय वरडंना."

मामा गेल्याचं मी त्या मुलाला फोनवर कळवलं. यंदा तारेबाहेर गहू पेरला आहे, असं त्यानं सांगितलं. चौथा सुरुंग सापडलेला नाही. तार काढलेली नाही.