बावीस मिनिटांचं लग्न

नवरीचा बाप जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत आला, तेव्हा त्याची मागणी अगदी साधी होती. लेकीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये आपण कसे दिसतो, ते त्याला एकदा बघायचं होतं. आणि खोलीतल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की त्या फिल्ममध्ये हा बाप कुठेच नाही. त्यानेच त्याला वेचून वेचून कापून काढला होता, तेही पोट धरून हसत.

या माणसाला सगळे कात्री म्हणत. लग्नाच्या फिल्म एडिट करणं हा त्याचा एकोणीस वर्षांचा धंदा, पण नाव पडलं होतं ते जिभेवरून. खाली झेरॉक्सचं दुकान, वर हा. खोलीत दोन मोठे मॉनिटर, नुसताच आवाज करणारा एक पंखा, आणि गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम ठेवलेलं डुगडुगतं स्टूल, म्हणजे कोणी फार वेळ टेकू नये. लग्न करणाऱ्यांबद्दल त्याला काडीचाही आदर नव्हता. नवरा दिसला की "आले बघा साहेब, जग जिंकून!" नवरी दिसली की "रड बाई रड, कॅमेरा चालू आहे." दिवसभर मॉनिटरशी असं तोंड चालू. प्रत्येक लग्नाचे त्याचे दोन फोल्डर असत, एकाचं नाव ‘कामाचं’ आणि दुसऱ्याचं ‘कचरा’. तोंडात घास असलेले, जांभया देणारे, टक्कल पुसणारे, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवणारे सगळे नातेवाईक कचऱ्यात जायचे. गिऱ्हाइकाने फिल्म पसंत केली की कचरा त्याच दिवशी कायमचा पुसून टाकायचा, कारण असल्या तोंडांसाठी डिस्कवर जागा अडवायला तो तयार नव्हता.

त्याची बायको दवाखान्यात नर्स होती, दिवसभर माणसंच उचलायची. ती एकदा म्हणाली, "तुला माणसं आवडत नाहीत, मग माणसांचंच काम कशाला घेतलंस?"

"आवडत नाहीत म्हणूनच कापता येतात," कात्री म्हणाला, आणि आपल्या उत्तरावर दोन दिवस खूश होता.

तर हे जोडपं. मुलगा फरश्यांच्या शोरूमवाल्याचा एकुलता एक, केसांना हात लावल्याशिवाय वाक्य पुरं न करणारा. मुलगी बँकेत काउंटरवर, आणि तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. दोघांना आपल्या प्रेमाचं कौतुक इतकं की शिंक आली तरी तिचा वाढदिवस करतील. पहिल्या भेटीला शंभर दिवस झाले, केक. आईवडलांनी होकार दिला, केक. मुलाने मागणी घातली होती ती खरं तर फोनवर, मुलगी बसमध्ये उभी असताना, पण ते काय दाखवण्यासारखं होतं का? म्हणून टेकडीवर धुराचं मशीन नेऊन ती मागणी नव्याने घालण्यात आली. तिसऱ्या खेपेला नवरदेवाचा गुडघा खड्यावर टेकला आणि त्याने "आई गं!" अशी आरोळी ठोकली. कात्रीने ती आरोळी पुन्हा पुन्हा लावून ऐकली. त्या वर्षातलं त्याला आवडलेलं ते एकमेव खरं वाक्य होतं.

मग अंगठ्यांचा कार्यक्रम झाला, लग्न झालं, रिसेप्शन झालं. शूटिंगची कार्डं कात्रीकडे आली, आणि तिसऱ्याच दिवशी नवरी एकटी आली. स्टुलावर बसली, उठली, परत बसली.

"दादा, एक सांगायचं होतं. बाबांचे शॉट्स आहेत ना... ते जरा कमी करता येतील?"

"का? काय झालं?"

"त्यांचा पुढचा दात पडलाय. आणि ते हसतात म्हणजे पूर्ण तोंड उघडून हसतात. यांच्याकडचे सगळे टीव्हीवर एकत्र बसून बघणार आहेत. तिकडे सगळं जरा... तुम्हाला कळतंय ना?"

कात्रीला कळत होतं. असल्या गोष्टी त्याला फार लवकर कळत. "थोडे काढू की सगळे?" त्याने दुकानदाराच्या सुरात विचारलं.

ती खालच्या फरशीकडे बघत राहिली. "जमलं तर सगळे."

ती गेल्यावर कात्रीने तिच्या नावाने नाक मुरडलं. बापाने बँकेत पोचेपर्यंत शिकवलं, आणि आता बापाचा दात हिला खुपतो! असं तो मॉनिटरला म्हणाला खरा, पण काम नाकारावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. उलट त्याचे हात शिवशिवले. कारण हा बाप म्हणजे चीज होती. नऊ तासांच्या शूटिंगमध्ये तो जिथे तिथे होता. भाड्याच्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. खुर्च्यांची कव्हरं ताणून बसवतोय. कॅमेऱ्याच्या काचेवर टकटक करून विचारतोय, "चालू आहे ना?" नाचताना दोन्ही हात असे वर केलेले, जणू चौकातली गाड्यांची रांगच अडवतोय. मध्येच हॉलच्या लिफ्टचा आवाज त्याला बरोबर वाटला नाही, तर ऐन कार्यक्रमात हा गृहस्थ कोटासकट गुडघ्यांवर बसून लिफ्टच्या दाराच्या फटीत डोकं घालून बघत होता. कात्री इतका हसला की खालचा झेरॉक्सवाला वर येऊन बघून गेला.

आणि मग त्याने आपला सगळा हुन्नर पणाला लावला. कुठे फ्रेम जवळ घेतली, कुठे बापाच्या जागी नवरदेवाची मावशी आणून बसवली, कुठे फुलांची कमान आडवी घातली. बावीस मिनिटांची फिल्म झाली. मुलीला बाप होता अशी शंकासुद्धा कोणाला येऊ नये! नवरीने पाहिली, नवऱ्याने पाहिली, दोघांनी मेसेजमध्ये दहा-दहा बदाम पाठवले, आणि कात्रीने कचरा पुसून टाकला.

या गोष्टीला दीड महिना झाला होता, आणि आता तोच बाप हातात हेल्मेट घेऊन दारात उभा होता.

"एडिटरसाहेब आपणच ना? मी नवरीचा बाप. कॅमेरावाल्याने पत्ता दिला. म्हटलं फिल्म कुठवर आली ते बघून यावं."

"कुठवर आली म्हणजे? दीड महिन्यापूर्वीच दिली की," कात्री बोलून गेला. जिभेला लगाम घालायची त्याला सवयच नव्हती.

"दिली?" बापाने हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. "लेक म्हणत होती, अजून तयार नाही. रविवारीच विचारलं मी. बरं बरं, राहिलं असेल सांगायचं. नवं घर, नवी माणसं, पोरीच्या डोक्यात काय काय ठेवायचं! मग दाखवता का इथेच? त्या दिवशी नुसती धावपळ होती हो. स्वतःच्या लेकीचं लग्न मी धड बघितलंच नाही. आणि मी कोट घातला होता. बायको म्हणते शोभत होता, पण ती काय, काहीही म्हणते."

नाही कसं म्हणायचं ते कात्रीला सुचेना. कॉम्प्युटर बिघडला म्हणावं, तर दोन्ही मॉनिटर ढळढळीत चालू. त्याने फिल्म लावली.

बाप त्या डुगडुगत्या स्टुलावर ताठ बसला. टेकडीवरचा धूर बघून "आग लागली होती का?" म्हणाला. एरवी कात्रीने यावर पंधरा मिनिटं मजा घेतली असती. आता त्याने नुसता आवाज थोडा वाढवला. हॉलचं दार आलं. "इथे मी उभा होतो, सगळ्यांना आत घेत होतो. आता येईन." दारातून पाहुणे आत गेले, बाप आला नाही. अंगठ्या झाल्या. "हां, याच्यानंतर मी नाचलो. आमच्या वर्कशॉपची पोरं मला खांद्यावर घेत होती." नाच सुरू झाला, नवरदेव केसांना हात लावत नाचला, नाच संपला. बाप स्टूल थोडं पुढे ओढून बसला. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला. चूक चष्म्याची असेल, असं त्याला वाटत होतं.

शेवटी निरोपाचा प्रसंग आला. नवरी गाडीपाशी कोणाच्या तरी गळ्यात पडून रडत होती. कोणाच्या ते दिसत नव्हतं. कात्रीने फ्रेम इतकी जवळ घेतली होती की तिचा चेहरा, तिची पाठ आणि त्या पाठीवर कोणाचा तरी एक हात, एवढंच उरलं होतं. एवढा हात त्याला काढता आला नव्हता.

"थांबवा," बाप म्हणाला.

त्याने आपला उजवा हात मॉनिटरशेजारी धरला. अंगठ्याचं नख काळं होतं, लिफ्टच्या दारात सापडून मेलेलं. पडद्यावरच्या हाताचंही काळंच होतं.

"हा माझा हात," तो म्हणाला. "म्हणजे कॅमेरा होता तिथे. मग मी कुठाय?"

खरं उत्तर कात्रीच्या जिभेच्या टोकावर होतं. ‘तुमच्या लेकीला विचारा,’ एवढंच. एकोणीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकासमोर स्वतःची चूक कबूल केली नव्हती, आणि इथे तर त्याची चूकही नव्हती; सांगितलं ते काम त्याने चोख केलं होतं. पण म्हाताऱ्याचा हात अजून मॉनिटरशेजारी तसाच होता. कात्रीला आपल्या त्या पोट धरून हसण्याची शिसारी आली.

"माझ्याकडून उडालं काका," तो म्हणाला. "तुमचे सगळे शॉट्स एका फोल्डरमध्ये होते. चुकून पुसले गेले. आता परत नाही मिळणार. चूक माझी आहे."

"सगळे?"

"सगळे."

बाप उठला. आवाज चढला नाही, पण त्याने कात्रीला जे सुनावलं ते नऊ तासांचं शूटिंग बघावं तसं कात्रीला पूर्ण बसून ऐकावं लागलं. "अहो, मी सातवी शिकलेला माणूस. तीस वर्षं लिफ्टचं काम करतोय, पण एक बोल्ट कधी विसरलो नाही. विसरलो तर माणूस खाली जातो. तुमच्या कामात कोणी मरत नाही म्हणून असा गलथानपणा करता का? सावलीत खुर्चीवर बसून बटणं दाबायची, तेवढंही येत नाही? कसले हो तुम्ही एडिटर! मी चारचौघांत सांगणार, या माणसाकडे काम देऊ नका म्हणून."

"सांगा," कात्री म्हणाला.

बापाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं कात्री जन्मभर इतरांकडे बघत आला होता. हेल्मेट उचललं, दारापर्यंत गेला, दोन पायऱ्या उतरल्या, आणि परत वर आला. आता चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती काळजी होती.

"एक करा," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या लेकीला यातलं काही सांगू नका. तिने अजून नीट बघितली नसेल. बाप कुठेच नाही हे तिला कळलं, तर रडून रडून जीव देईल पोर."

कात्रीने मान हलवली. मग पुन्हा एकदा हलवली.