अर्धी क्रेन आणि थोरल्या वन्सं

खेळण्यांच्या दुकानात जिला पाऊल टाकू देऊ नये अशी बाई साऱ्या नाशिक शहरात एकच आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. वय पासष्टच्या आसपास, उंची बेताची, आवाज मात्र द्वारका चौकातल्या गाड्यांच्या भोंग्यांवर मात करणारा. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या ऑफिसातून त्या निवृत्त झाल्या, नाशिकरोडला एकट्या राहतात, आणि मोपेडवरून आमच्या इंदिरानगरच्या घरी येतात त्या बहुधा वाटेत कुणाशी तरी भांडूनच. मी त्यांना अजून जुन्या चालीने ‘वन्सं’ म्हणते. त्या माझ्या साठीला टेकलेल्या नवऱ्याला ‘बाळ्या’ म्हणतात. मी त्याला कधी हरकत घेतलेली नाही.

वन्संचं गुलाबी रंगाशी वैर आहे असं नात्यात सगळे म्हणतात, पण ते खोटं आहे. त्यांच्या निम्म्या साड्या गुलाबीच आहेत. त्यांचं वैर आहे ते खोक्यावर छापलेल्या शहाणपणाशी. आमच्या नातीसाठी, सईसाठी, ठोकळ्यांचा खेळ घ्यायला मी एकदा त्यांना बरोबर नेलं. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, “मुलगा की मुलगी?”

“मूल,” वन्सं म्हणाल्या.

“हो मॅडम, पण मुलगा की मुलगी?”

“दोन हात आहेत, दहा बोटं आहेत. जोडायचे ठोकळे दाखवा.”

बिचाऱ्याने माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं आणि गुलाबी खोकी काढली. ब्यूटी पार्लर, केकचं दुकान, नवरीची खोली. वन्संनी एक खोकं उलटंपालटं करून पाहिलं. त्या चिडल्या की माहेरची, देवळ्याची अहिराणी उसळून वर येते. “हाई काय शे? भिंती आयत्या, छप्पर आयतं. मग पोरीने करायचं काय, पडदे लावायचे?” कंपनी बनवते, आम्ही फक्त विकतो, मुलींना हेच आवडतं, असं दुकानदार नम्रपणे सांगू लागला. “दुसरं कधी दाखवलंत?” असं विचारून वन्सं पलीकडच्या निळ्या कप्प्याकडे गेल्या. तिथल्या क्रेन, पूल आणि रॉकेटं उचलून त्यांनी गुलाबी कप्प्यात मांडली, आणि पार्लरं नेऊन रॉकेटांच्या जागी ठेवली. आम्ही क्रेन घेऊन बाहेर पडलो. आता त्या दिसल्या की तो दुकानदार स्वतःच शटरशी येऊन विचारतो, “मॅडम, काय हवं? मी बाहेर आणून देतो.”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचंही तेच. बायका वाण म्हणून डबे लुटतात, चमचे लुटतात, कुणी हौशी असेल तर कापडी पिशव्या. वन्संनी एका वर्षी स्क्रू ड्रायव्हर लुटले. तिळगुळाच्या वडीबरोबर लाल दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर हातात आल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. एकीने धीर करून विचारलंच, याचं करायचं काय. “कुकरची दांडी हलते ना? मग नवरा घरी येईपर्यंत हलती ठेवायची का?” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या बहुतेक दांड्या हलायच्या थांबल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सई मात्र वन्संची लाडकी. ही पोर चालायला लागल्यापासून काहीतरी उभं करत आली आहे. काड्यापेट्यांचे मनोरे, चमच्यांचे पूल, माझ्या पोळपाटाची घसरगुंडी. दुकानातून आणलेल्या त्या क्रेनवर तर तिने जीव ओवाळून टाकला होता. आणि मग एका सुट्टीत तिने ती पलंगाखाली ढकलली ती ढकललीच. खालच्या मजल्यावरचा अर्णव तिला म्हणाला होता, “क्रेन मुलांची असते, खोक्यावर बघ.” तिने पाहिलं. खोक्यावर दोन मुलगे हसत होते, मुलगी एकही नव्हती. सातव्या वर्षी छापलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो. तिने ठोकळ्यांना हात लावणं सोडलं आणि टीव्हीसमोर बसू लागली. मी हे वन्संना सांगितलं तेव्हा त्या नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सईचा वाढदिवस जवळ आला. हल्ली वाढदिवसाला येणाऱ्या पोरांना रिटर्न गिफ्ट द्यावं लागतं, आणि ते दोन जातींचं असतं. सुनेने, सईच्या आईने, मुलींसाठी पार्लरचे आणि केकच्या दुकानाचे छोटे संच मागवले, मुलांसाठी क्रेनचे. “कागद गुंडाळायचं काम माझ्याकडे द्या,” वन्सं म्हणाल्या. सून खूश झाली. वन्संनी सगळी खोकी घरी नेली आणि वाढदिवसाला वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या एकसारख्या पुड्या आणल्या. पोरांनी त्या घेतल्या, केक खाल्ला आणि ती आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आग लागली. कुणाच्या मुलाला अर्धी क्रेन आणि आरसा. कुणाच्या मुलीला चार चाकं, एक हूक आणि केकचा ओव्हन. वन्संनी सगळे संच एका ढिगात ओतून, कालवून, मुठीमुठीने भरले होते. सुनेला तोंड दाखवायला जागा उरली नाही. आणि सई हुंदके देत म्हणाली, “आता माझ्याकडे कुणीच येणार नाही खेळायला.” ते ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. मी फोन लावला. “वन्सं, भांडायचं तर मोठ्यांशी भांडा. पोरीच्या मैत्रिणी का तोडताय?”

“संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंजी घाल,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना आपापली पुडी घेऊन बोलव. ज्याचं जे कमी आहे ते दुसऱ्याकडे आहे, असं सांग.”

पोरं आली. त्यांच्या मागोमाग अर्णवची आई आली, तणतणत. “काकू, आमच्या मुलाला हेअर ड्रायर कशाला?”

“का? केस नाहीत त्याला?” वन्सं म्हणाल्या, आणि सतरंजीवर मांडी ठोकून बसल्या.

पुड्या रिकाम्या झाल्या. मुलं जोडायची चित्रं मागू लागली, तर वन्संनी ती रद्दीत घातलेली. मग कशासारखं काय करायचं हेच कुणाला कळेना. अर्णवने पुढाकार घेऊन सगळ्यांच्या पट्ट्या जोडत त्याच्या कमरेएवढी क्रेन उभी केली. दोर ओढला की ती तोंडावर पडायची. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. सई खांबाआड उभी होती. तिची बोटं नुसती वळवळत होती. वन्सं तिच्याकडे बघत होत्या, पण बोलावत नव्हत्या. मला वाटलं, ही पोर आता जिना चढून वर जाणार. तेवढ्यात क्रेन तिसऱ्यांदा आपटली आणि सई तिथूनच ओरडली, “अरे, मागे वजन नाहीये!”

ती आली, सतरंजीवर बसली आणि केकचे सगळे गुलाबी ओव्हन गोळा करून तिने क्रेनच्या पाठीला जोडले. दोर ओढला. क्रेन हलली, पण उभी राहिली. अर्णव हूककडे बघत म्हणाला, “अजून एक ओव्हन दे ना.” बस, एवढंच. मला उगाचच डोळे पुसावे लागले. अर्णवच्या आईने फोटो काढला आणि सकाळच्याच ग्रुपवर टाकला.

अंधारू लागलं तशा वरून हाका आल्या आणि पोरं जेवायला पळाली. मी पुड्यांचे कागद गोळा करत होते. बघते तर वन्संनी क्रेन वरून सोडवायला घेतलेली. बोटं भराभर चालत होती, तुकड्यांचे नीट ढीग लागत होते.

“अहो, हे काय करताय? पोरं सकाळी बघायला येतील.”

त्या दचकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“सवय गं,” त्या म्हणाल्या. “बाळ्याला बाबांनी नाशिकहून लोखंडी पट्ट्यांचा संच आणला होता. मला भातुकली. दुपारी तो झोपला की मी त्याचा डबा काढायचे. पूल बांधायचे, रहाट बांधायचे. तो उठायच्या आत सगळं सोडवून परत डब्यात.” मग हातातल्या हूककडे बघत म्हणाल्या, “फार छान बांधायचे गं मी. कुणी पाहिलंच नाही.”

वर बातम्या बघत बसलेल्या बाळ्याचा मला कारण नसताना राग आला.

वन्संनी काढलेले सगळे तुकडे पुन्हा जोडून दांडा बसवला, हूक अडकवला, दोर ओढून पाहिला. मग मोपेड सुरू करून निघाल्या. गेटपाशी त्यांनी गाडी बंद केली आणि मान वळवली. पार्किंगच्या दिव्याखाली क्रेन उभी होती. वॉचमन गेट धरून ताटकळला. “मावशी, निघा की,” तो म्हणाला.

“थांब रे जरा,” वन्सं म्हणाल्या. “बघू दे.”