खुर्ची येतेय, बसून घ्या

बोटीच्या प्रवासाबद्दल मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. मी बोटीने किती वेळा गेले ते मला आठवत नाही, कारण त्यात आठवण ठेवण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटायचंच नाही. दर उन्हाळ्यात पिंपरीहून मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून बोट, आणि दुपार कलताना आमचं बंदर. डेकवर झोपले, डेकवर ओकले, डेकवरच वाढले. आणि एकदा अपर क्लासने गेले. तेव्हा दोन्हीकडचं मला विचारा, मासिकात फोटो बघून बोलणाऱ्यांना विचारू नका.

वडील साठच्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीला आले. कारखाने नुकते उभे राहत होते, माणसं हवी होती, आणि फाउंड्रीच्या भट्टीपुढे उभं राहणाऱ्याला कुणी जात विचारत नव्हतं. निदान कामाच्या वेळेत तरी नाही. आम्ही बौद्ध. गाव मात्र आम्हाला जुन्याच नावाने हाक मारायचा. मागोमाग आई आणि मी आलो. पुढे मी मोठी झाले आणि औषधाच्या कारखान्यात लागले, बाटल्या भरायच्या खात्यात.

आता आमच्या बंदराचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बोट किनाऱ्याला लागायची नाही. ती खाडीच्या तोंडाशी लांब उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, यायचे. बोटीच्या शिडीवरून पडावात उतरायचं. पडावही वाळूपर्यंत जायचा नाही, कमरेएवढ्या पाण्यात थांबायचा. तिथून पुढे दोन खलाशी एक लाकडी खुर्ची घेऊन यायचे. उतारू खुर्चीत बसायचा, खलाशी खुर्ची उचलून त्याला वाळूवर नेऊन ठेवायचे. अंगाला पाण्याचा थेंब नाही. ही खुर्ची सगळ्यांना होती. आमच्या वाडीला नव्हती. आमची माणसं पडावातून पाण्यात उडी टाकायची, डोक्यावर ट्रंक, खांद्यावर पोर. वडील मला खांद्यावर घ्यायचे. आई लुगडं वर खोचून उतरायची, तरी छातीपर्यंत भिजायची. मग तशाच निथळत्या अंगाने आम्ही बाजारातून वाडीकडे जायचो. दुकानदार नुसते बघायचे. ओलं लुगडं दिसलं की बाई कुठल्या वाडीतली हे त्यांना कळायचं, विचारावं लागायचं नाही.

हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मलाही त्यात काही वाटायचं नाही. वाटायला लागलं ते आमच्या कंपनीतल्या एका कार्यक्रमात.

कंपनीचं भगिनी मंडळ होतं. एका साहेबांच्या बायको विलायतेहून बोटीने आल्या होत्या, त्यांनी आम्हा कामगार बायकांना त्याबद्दल सांगितलं. बाई चांगल्या होत्या, मनापासून सांगत होत्या. बोटीवर पोहायचा तलाव, संध्याकाळी बँड, जेवणाला सुऱ्या-काट्यांची रांग. आम्ही तोंडात बोटं घालून ऐकत होतो. मग त्या म्हणाल्या, ‘आता तिकडे आणखी एक टूम निघाली आहे. लहान बोटी बर्फाच्या मुलखात जातात. तिथे धक्का नसतो. उतारू छोट्या होडीत उतरतात, लांब बूट घालून पाण्यातून चालत किनाऱ्याला जातात. त्याला म्हणे फार पैसे पडतात, पण लोकांना त्याचीच हौस.’

मी इतक्या जोरात हसले की सगळ्या माझ्याकडे वळल्या.

‘का गं, काय झालं?’ बाईंनी विचारलं.

‘काही नाही बाई. पाण्यात उतरायचे जास्तीचे पैसे देतात ना, म्हणून हसले. आमची आई जन्मभर फुकटात उतरली.’

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. पण घरी येताना कंपनीच्या बसमध्ये माझ्या मनात तेच घोळत राहिलं. हौसेने पाण्यात उतरणं आणि उतरायला लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मला इतकी वर्षं दिसू नये? माझाच मला राग आला.

त्याच वर्षी वाडीतला विहार बांधून झाला. वडील त्या वेळी हयात नव्हते, पण तो विहार त्यांचाच. पगाराच्या दिवशी ते कधी पिंपरीच्या गेटवर, कधी आकुर्डीच्या, गावाकडच्या माणसांना गाठायचे आणि विहारासाठी काहीतरी काढून घ्यायचे. लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे म्हणे! म्हणून वाडीने ठरवलं की बुद्धपौर्णिमेला विहाराचं दार आईने उघडायचं. बोटीवरून उतरायचं आणि तडक विहारात जायचं. आईने पांढरं लुगडं आणलं, आयुष्यातलं पहिलं नवंकोरं पांढरं लुगडं, आणि ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलं.

‘वर काढ ते,’ मी म्हटलं. ‘बोटीवर नेसूनच जायचं.’

‘वेड लागलं काय गो तुला? पाण्यात जाईल. घरी जाऊन नेसेन.’

‘पाण्यात उतरायचंच नाही. मी अपर क्लासची तिकिटं काढणार आहे. अपरवाल्यांना खुर्ची असते.’

आईने ट्रंकेचं झाकण लावून टाकलं. मग म्हणाली, ‘बाय, तिकीट बोटीचं असतं. खुर्ची गावाची असते.’

आमचं जुंपलं. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. शेजारचा, आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यातला एक पोरगा दारात उभा राहून चिडवायचा, ‘काय राव, अपर क्लास! उद्या आमच्याशी बोलाल की नाही?’ मी म्हटलं, ‘तुझ्याशी आत्ता तरी कोण बोलतंय?’ बोनस हातात होता, मी तिकिटं काढून आणली. निघायच्या वेळी आई पांढरं लुगडं नेसून पुढ्यात उभी राहिली. हातात चाकणच्या कांद्यांची पिशवी. गावाला जाताना कांदे न्यायचेच, मग अपर क्लास असो नाहीतर विमान.

अपर क्लासबद्दल माझं मत विचाराल तर सांगते. चहा चांगला होता. वेताच्या खुर्च्या होत्या, टेबलावर पांढरा कपडा होता, आणि समुद्र अगदी समोर, मध्ये कुणाचं डोकं नाही. पण इतका वेळ माणसं एकमेकांशी बोलेनात म्हणजे काय! खाली डेकवर एव्हाना पत्त्यांचे डाव पडले असते, कुणाचं तरी पोर कुणाच्या तरी मांडीवर झोपलं असतं. एक गृहस्थ आमच्या कांद्यांकडे बघून नाक मुरडत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘आपण कुठल्या?’

‘पिंपरीच्या,’ मी म्हटलं.

‘अरे वा. कुठल्या कंपनीत?’

बघा, पिंपरी म्हटलं की लोक ‘कुणाच्या’ हे पुढचं विचारत नसत, कंपनीचं विचारत. माझ्या आयुष्यात पिंपरीचे जे काही उपकार आहेत त्यात हा पहिला.

पण म्हणून डेकवर काय माणुसकी होती अन् काय मजा होती, असलं मी सांगणार नाही. तसं सांगणारे बहुतेक वरूनच बघून आलेले असतात. डेकवर चटई टाकली की शेजारचा हटकून विचारायचा, कुठल्या गावचे, कुणाचे. आणि उत्तर ऐकून चटई हळूच पलीकडे सरकवायचा. आमची जागा ठरलेली, इंजिनाच्या गरम भिंतीशी. तिथे वारा म्हणून लागायचा नाही. मला वेताची खुर्ची आवडली. बेधडक सांगते, फार आवडली. आई मात्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती, कुणीतरी ऊठ म्हणेल असं तिला वाटत असावं.

आमचं बंदर आलं. बोटीने भोंगा दिला. पहिल्या पडावात अपरवाले उतरले, आम्हीही. पडाव कमरेएवढ्या पाण्यात थांबला, खुर्ची आली. ते नाक मुरडणारे गृहस्थ गेले, त्यांची बायको गेली, आणखी एक कुटुंब गेलं. आम्ही दोघी उरलो. तेवढ्यात पडाव चालवणाऱ्या तांडेलाने आईला ओळखलं.

‘अगो, तू हायस होय!’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. ‘उतर मग. पाणी आज कमीच हाय.’ आणि खलाशांना म्हणाला, ‘ठेवा रे ती खुर्ची.’

आईने लुगड्याला हात घातला. ती खोचायला लागलीसुद्धा होती.

‘आई, हात काढ,’ मी म्हटलं. आणि तांडेलाला म्हटलं, ‘खुर्ची आणा.’

‘खुर्ची गावाची हाय.’

‘आम्ही कुठल्या मग? विलायतेच्या?’

‘उगाच तोंड चालवू नको. उतरा, मला दुसरी खेप हाय.’

दुसरी खेप म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या खात्यात बायकांना दिवसभर उभ्याने बाटल्या भरायला लागायच्या. बसायला स्टूल द्या म्हणून अर्ज-विनंत्या करून झाल्या, कुणी ढुंकून बघेना. मग एक दिवस आम्ही सगळ्या बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्याशेजारी जमिनीवर बसलो. भांडण नाही, घोषणा नाही, नुसत्या बसलो. बाटल्या साचल्या, पुढचं खातं थांबलं, आणि संध्याकाळच्या आत साहेब स्वतः खाली आले. पुढच्या आठवड्यात स्टुलं आली. काम अडलं की कान उघडतात, हे मी पिंपरीत शिकले होते.

‘मग आम्ही बसतो,’ मी म्हटलं आणि पडावाच्या फळीवर बसले.

तांडेल ओरडला. पडावाला हेलकावे दिले. शिव्याही दिल्या, त्या इथे लिहीत नाही. बोटीने पुन्हा भोंगा दिला. वाळूवर उतरलेले लोक थांबून बघायला लागले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आई माझ्या दंडाला धरून कुजबुजत होती, ‘बाय, चल गो. कार्याला उशीर होईल. वाडी वाट बघतेय. चांगल्या दिवशी तमाशा नको.’ ती उतरली असती तर माझं सगळं तिथेच संपलं असतं. तिला धरून बसवणं मला शक्य नव्हतं. बळजबरीने खुर्चीत बसवलेल्या बाईला खुर्ची मिळाली असं कसं म्हणायचं?

इतक्यात दुसरा पडाव शेजारी येऊन थांबला. तो डेकवाल्यांचा. त्यात आमच्या वाडीतल्या बाया होत्या, मुंबईच्या आणि पिंपरीच्या, विहारासाठी निघालेल्या. सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. पाण्यात उतरायचं म्हणून त्यांनी ती आधीच वर खोचली होती. त्यातली एक म्हातारी आईची मैत्रीण. तिने हाक मारली, ‘काय झालं गो? उतरत का नाय?’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईचा दंडावरचा हात सुटला. तिने खोचलेलं लुगडं सोडलं, नीट खाली केलं, निऱ्या सारख्या केल्या. कांद्यांची पिशवी मांडीवर घेतली. आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘खुर्ची येतेय. बसून घ्या.’

त्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग म्हातारी मटकन फळीवर बसली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या बसल्या. आता दोन्ही पडाव अडले. वर बोटीवर पुढच्या बंदराचे उतारू कठड्याशी येऊन ओरडायला लागले, भोंग्यावर भोंगा. तांडेलाने बोटीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, वाळूकडे बघितलं.

‘आणा रे!’ तो खेकसला. ‘आणा ती खुर्ची!’

त्याचं मन वगैरे काही बदललं नव्हतं, असल्या गोष्टी मला सांगू नका. त्याची खेप अडली होती, एवढंच.

आई खुर्चीत बसली. दोन्ही हातांनी तिने खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. खलाशी चालायला लागले तेव्हा तिने डोळे मिटले. वाळूवर खुर्ची टेकल्यावरसुद्धा क्षणभर उघडले नाहीत. मग म्हातारी आली. मग एकेक बाई. खलाशी घामाघूम झाले, त्यातला एक तरणा पोरगा तर हसायला लागला होता. शेवटी माझी पाळी आली. मी काही त्यागाची मूर्ती नाही. मी बसले, पाय लांब केले आणि अगदी सावकाश न्या म्हणाले.

बाजारातून निघालो. पांढऱ्या लुगड्यांची रांग, आई पुढे, मी तिच्या मागे. दर चार पावलांवर ती वाकायची आणि लुगड्याचा काठ चाचपायची. मी विचारलं, ‘काय टोचतंय का?’  ती पुढे गेली, पुन्हा वाकली, पुन्हा काठ बोटांत धरून बघितला.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तागडी खाली ठेवली. जन्मभर आम्हाला ओलं जाताना बघितलेला माणूस. तो दुकानाच्या पायरीवर आला, हात जोडले आणि अदबीने म्हणाला, ‘या, या. पाहुणे कुणाकडचे?’

आई थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

‘पाहुणे नाय आम्ही,’ ती म्हणाली. ‘बौद्धवाडीतल्या. आज कोरड्या आलो.’