हलके केलेले फोटो

माझी बायको गोधड्या शिवायची. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कठड्यावर गोधडी पसरून ती मोबाइलने फोटो काढायची आणि आहे तसा वेबसाइटवर चढवायची. एकेक फोटो पाच-सहा एमबीचा. पान उघडता उघडेना. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहून पोट भरणारा मी, मला ते बघवायचं नाही.

"लोक कंटाळून निघून जातात अगं. सर्चमध्येही अशी साइट मागे पडते."

"पडू दे. फोटो मोठा केला की टाका दिसला पाहिजे. गोधडी हवी असणाऱ्याला कसली आलीय घाई?"

ती गेल्यावर महिन्याभराने मी ते काम हाती घेतलं. खरं तर साइट बंद करायची होती. निदान गोधड्या शिवणारी आता नाही, एवढं तरी पहिल्या पानावर लिहायचं होतं. ते वाक्य लिहवेना. फोटो हलके करणं मात्र जमत होतं. मूळ फोटो बाजूला ठेवून मी एकेकाची लांबी-रुंदी कमी केली, नव्या हलक्या फॉरमॅटमध्ये तो बदलला. पानाच्या तळाचे फोटो, बघणारा तिथवर पोचल्यावरच उघडतील असं केलं. सर्चला चित्र दिसत नाही, शब्द कळतात, म्हणून प्रत्येकामागे वर्णन लिहिलं: 'बाळासाठी हाताने शिवलेली मऊ सुती गोधडी'. शब्द नेमके पडले की मला बरं वाटायचं. वेग मोजणारा आकडा लाल होता, तो हळूहळू हिरवा झाला. पुढे एका सकाळी बेंगळुरूमधल्या गोधड्या शोधून पाहिल्या, तर पहिलं नाव आमचं.

मला आनंद झाला. साधा नाही, टाळी वाजवावी असा. माणूस गेलेल्या घरात वर्षभर गोडधोड करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. केलं नाही, मागवलं, असं स्वतःला सांगून मी जयनगरच्या दुकानातून म्हैसूरपाक मागवला आणि एकट्याने खात बसलो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक बाई, हातात जुन्या साड्यांची पिशवी. तीन पिढ्या इथेच काढलेल्या मराठी घरातल्या असाव्यात. बोलण्यावरून कळत होतं.

"गोधडीवाल्या अक्कांचं घर हेच ना? पत्ता साइटवरच मिळाला. नीट उघडते आता, भराभरा. पण फोटो मोठा करावा तर टाका दिसत नाही, सगळं पुसट. म्हटलं, जाऊन हातानेच बघावं. नातीला बाळ व्हायचंय." त्यांचं लक्ष टेबलावरच्या उघड्या डब्याकडे गेलं. "अरे वा, स्वीट! काय विशेष, अण्णा? आम्हालाही स्वल्प द्या की!"

माझ्या बोटांना तूप लागलेलं होतं. मी हात मागे घेतला.

"ती गेली," मी म्हणालो. "दीड महिना झाला."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारतील. काय सांगणार होतो? बायको गेली आणि तिची साइट पहिली आली म्हणून?

त्यांनी विचारलं नाही. खुर्चीच्या कडेला टेकल्या. दिवाणावर तिची अर्धी राहिलेली गोधडी होती, सुई खोचलेली. एका ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. धावदोरा मधेच थोडा वाकडा गेला होता, तिथे बोट थांबलं.

"हे फोटोत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी साड्यांची पिशवी उचलली. दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. त्या काही न बोलता उठल्या, दार ओढून घेत निघून गेल्या. इतके दिवस फोनवर सांत्वन करून 'बरं, ठेवतो' म्हणणारे खूप झाले होते. या घरातून कुणी असं उठून गेलं नव्हतं.

मी हात धुतले. मग पहिल्या पानावर ते वाक्य लिहिलं, ऑर्डरचं बटण काढलं आणि बाजूला ठेवलेले तिचे मूळ फोटो एकेक करून परत चढवले. आकडा पुन्हा लाल झाला. तो डबा मात्र दोन दिवस तिथेच होता. टाकवतही नव्हता, कुणाला देववतही नव्हता.