कामठीचे इतिहास मास्तर व्हर्जिनियात

“मले जेम्सटाउन पाहाचं आहे,” असं बाबांनी जाहीर केलं तेव्हा आम्ही दोघं नागपूरच्या इतवारी बाजारात कुकर बघत होतो. माझे बाबा कामठीच्या शाळेत इतिहासाचे मास्तर होते. अमेरिकेत इंग्रजांनी वसवलेल्या वसाहती, त्यांतली व्हर्जिनियातली पहिली म्हणजे जेम्सटाउन, त्यांची राजाशी करांवरून झालेली कुरबूर, समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्या, हे सगळं ते निवृत्त होईपर्यंत फळ्यावर नकाशा काढून शिकवत आले. स्वतः मात्र भोपाळच्या पलीकडे गेले नव्हते.

जेम्सटाउनपासून गाडीनं तासाभरावर रिचमंडला माझा मोठा भाऊ बायको-मुलींसोबत राहतो. बाबांनी त्याचं नाव काढलं नाही. दादानं तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि शपथ होऊन गेल्यावर घरी कळवलं. तेव्हापासून बाबा त्याची चौकशी माझ्याकडे करत, त्याच्याशी बोलत नसत. मी कुकर तिथेच ठेवला आणि घरी येऊन तिकिटं बघायला बसले.

तुम्हीही वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर व्हिसाचं काम फार आधी सुरू करा, आणि खिडकीवर काय बोलायचं ते घरीच ठरवा. कशासाठी जाताय, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, “अभ्यासासाठी.” मला घाईघाईनं पर्यटन, पर्यटन म्हणावं लागलं. नागपूर, दिल्ली, तिथून थेट वॉशिंग्टन. विमानतळावर दादा आला होता. वाकून पाया पडला. बाबांनी डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “गाडी कुठं लावली त्यानं, विचार.”

ऑक्टोबर निवडा. झाडं पिवळी-तांबडी झालेली असतात आणि स्वेटर पुरतो. जेम्सटाउनला दोन ठिकाणं आहेत, तिकिटंही वेगळी. एकीकडे जुन्या जहाजांच्या प्रतिकृती आणि संग्रहालय, दुसरीकडे बेटावर खरी जागा, जिथं अजून खोदकाम चालू असतं. दोन्ही बघा. मी जहाजाच्या आत वाकून बघितलं. एवढ्याशा लाकडी पोटात माणसं महिनोन्‌महिने कशी राहिली असतील?

बेटावर लाकडी कुंपणामागे थडग्यांच्या जागी साधे क्रूस उभे केलेत. समोर नदी, आपल्या कन्हानच्या कितीतरी पट रुंद. इथं उतरलेल्या इंग्रजांना पिण्याजोगं पाणी नव्हतं, ताप होता, आणि एका हिवाळ्यात घोडे, कुत्रे, उंदीर खाऊनही बहुतेक सगळे उपाशी मेले.

“घरदार सोडून काहून आले असतील वं हे इथं?” बाबांनी मला विचारलं.

उत्तर दादानं दिलं, तेही माझ्याकडे बघून. “तिथं त्यांना जमीन मिळणार नव्हती. बापाचं सगळं थोरल्याला जायचं.”

संग्रहालयात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या पहिल्या माणसांबद्दलचं दालन आहे, आणि मूळच्या पोव्हाटन लोकांचंही, ज्यांची ही जमीन होती. तिथं बाबा फार वेळ उभे राहिले. “हे सोताहून नाही आले,” म्हणाले, आणि पोव्हाटन लोकांच्या दालनाकडे बोट केलं. “अन् ह्या लोकांच्या तर घरातच दुसरे येऊन बसले.”

तिथून विल्यम्सबर्गला जायला नदीकाठचा जुना रस्ता घ्या. टोल नाही, ट्रक नाहीत, विटांचे पूल आहेत. विल्यम्सबर्ग म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या काळातलं अख्खं गाव, जपून ठेवलेलं. रस्त्यावर फिरायला पैसे पडत नाहीत, घरांत आणि कारखान्यांत शिरायला तिकीट लागतं. शाकाहारी लोकांनी मक्याचा पाव आणि शेंगदाण्याचं सूप मागावं, पण सुपात मांसाचं पाणी आहे का ते विचारून.

न्यायालयासमोर बाकावर गुडघ्यापर्यंत विजार घातलेला एक म्हातारा नट बसला होता. तो त्या काळचा व्यापारी झाला होता. स्वतः राजाच्या बाजूचा, आणि मुलगा बंडखोरांना जाऊन मिळालेला. लोक त्याला करांबद्दल विचारत होते. त्याचं इंग्रजी बाबांना झेपेना. त्यांनी दादाच्या बाहीला धरलं. त्या शपथेनंतर थेट त्याच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

“त्याले विचार गा, पोरगा तिकडे गेल्यावर हे दोघं बोलले का?”

दादा म्हाताऱ्याकडे वळला. मग त्यानं विचारलं. म्हातारा टोपी काढून बोलला, आणि दादानं मान खाली घालून मराठीत सांगितलं. “म्हणतात, ‘नाही. पण तो जेवला का ते मी रोज बायकोला विचारतो.’”

बाबा बाकाच्या टोकाला बसले. “मले आधी काहून नाही सांगतलं?”

“तुम्ही नाही म्हटलं असतं तर मी शपथ घेतली नसती, बाबा. अन् मले घ्यायची होती. पोरी इथंच वाढून राहिल्या.”

“नाही म्हटलं नसतं. रागावलो असतो.”

“तेही सहन झालं नसतं.”

“मंग आता करून राहिलास ना सहन?”

दादा रडला. भर रस्त्यात, पर्यटकांसमोर. बाबांनी त्याला सरकून जागा दिली. म्हातारा नट उठला, आम्हाला लवून नमस्कार केला आणि दुसऱ्या गर्दीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी यॉर्कटाउनचं रणांगण बघायचं ठरलं होतं. सकाळी बाबा म्हणाले, “लढाई मले पाठ आहे. घरीच राहू.” त्यामुळे यॉर्कटाउनबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. त्या दिवशी दादानं पिठलं केलं, ते करपलं, आणि बाबांनी दोनदा वाढून घेतलं.

सगळं मिटलं असं नाही. परतीच्या विमानात बाबा अजूनही म्हणत होते की पोरानं आधी सांगायला हवं होतं. दादाचंही म्हणणं बदललेलं नाही. घरी आल्यावर मला जहाजांपेक्षा ती निघताना इंग्लंडच्या बंदरावर मागे उरलेली माणसंच जास्त डोळ्यांसमोर येतात, ज्यांच्याबद्दल आम्ही काहीच शिकलो नाही.

गेल्या आठवड्यात दादाचं इकडे यायचं तिकीट झालं. बाबांनी कामठीच्या घरातली वरची खोली रंगवायला काढली. रंगाऱ्यानं विचारलं, “काका, पाहुणे येऊन राहिले का अमेरिकेहून?”

“पाहुणे नाही,” बाबा म्हणाले. “पोरगा येऊन राहिला.”